कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन बांधलं, आता टायमिंग कुठे धरायचं?

जुनी कास्ट आयर्न बुलेट, म्हणजे उजव्या पायाला गिअर आणि पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे उघडला की ठिणगी पाडणारा छोटा स्विच), तिचं इंजिन पूर्ण खोलून बांधायचं म्हटलं की पैसा आणि लक्ष दोन्ही जातं क्रँक, पिस्टन, बोअर, व्हॉल्व्ह ह्यांच्यावर, आणि टायमिंग हे शेवटच्या दहा मिनिटांचं काम असतं, प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालायचा, वर आला की "बसलं" म्हणायचं आणि किक मारायची. सगळे पार्ट कंपनीचे असतील तर हे खपूनही जातं. पण हे इंजिन कंपनीने २०१० च्या सुमारास बंद केलं, आता पुण्यात नाना पेठेत विचारा नाहीतर दिल्लीच्या करोल बागेतून मागवा, हातात पडतं ते बहुतेक बाहेरच्या कारखान्याचं, कधी चांगलं कधी यथातथाच, आणि डबीवर काहीही छापलेलं असो, आत काय आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. अशा पार्टांवर बांधलेल्या इंजिनाचं टायमिंग पुस्तकातल्या एका आकड्याच्या भरवशावर सोडता येत नाही. का नाही आणि मग करायचं काय, ते सांगतो. उदाहरण साडेतीनशेचं घेतोय पण पॉइंट आणि वजनांचा अ‍ॅडव्हान्स (म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आधी सरकवणारी सोय) असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला विचार हाच लागतो.

आधी हे डोक्यात स्पष्ट पाहिजे की टायमिंग दोन असतात. एक व्हॉल्व्हचं, म्हणजे कॅमचे गिअर क्रँकच्या पिनियनशी (क्रँकवरच्या छोट्या गिअरशी) कुठल्या दातावर जुळवलेत ते, आणि दुसरं ठिणगीचं. गॅरेजमध्ये नुसतं "टायमिंग" म्हटलं की बहुतेक वेळा दुसरं अभिप्रेत असतं, पण इंजिन खोललंय म्हटल्यावर पहिलंही उघडं पडलेलं असतं आणि पहिलं चुकलेलं असेल तर दुसऱ्याशी कितीही खेळा, गाडी सुधारत नाही.

आता ठिणगी. प्लगवर ठिणगी पडली की आतलं मिश्रण एका झटक्यात जळून जात नाही, प्लगपासून ज्योत पसरत जाते आणि त्याला काही मिलिसेकंद लागतात. आपल्याला दाबाचा सगळ्यात मोठा जोर कधी पाहिजे तर पिस्टन टॉप (त्याची सगळ्यात वरची जागा) ओलांडून खाली निघाल्यावर, साधारण १० ते २० अंश पुढे गेल्यावर, झोका परत फिरायला लागल्यावर ढकलला तर लांब जातो आणि अंगावर येत असताना ढकलला तर हाताला झटका बसतो, तसंच. म्हणजे ज्योतीला लागणारा वेळ हिशेबात धरून ठिणगी टॉपच्या आधीच टाकावी लागते. किती आधी, ते स्पीडवर. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ४००० ला तेवढ्याच वेळात २४ अंश. वेगात मिश्रण जास्त घुसळलं जातं म्हणून ज्योतही थोडी भरभर पसरते, पण चौपट नाही. त्यामुळे रेस वाढेल तशी ठिणगी आणखी आधी सरकवायला लागते, आणि बुलेटमध्ये हे काम पॉइंटच्या प्लेटमागे बसलेली दोन छोटी वजनं आणि त्यांच्या दोन स्प्रिंगा करतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंटचा कॅम (पॉइंट उघडणारा, व्हॉल्व्हचा नव्हे) पुढे ढकलतात. वेग उतरला की स्प्रिंगा ओढून परत मिटवतात. एवढंच यंत्र आहे, त्यात कॉम्प्युटर नाही, आणि म्हणूनच त्यातली एक स्प्रिंग वेगळ्या ताणाची आली की सगळं गणित हलतं.

साडेतीनशेचे आकडे असे. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९०, मिळून ३४६ सीसी. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. आणि वजनं पूर्ण मिटलेली असताना पॉइंट उघडायला लागायचे ते पिस्टन टॉपच्या ०.८ मिमी आधी असताना. हा ०.८ बुलेटवाल्यांना पाठ असतो. अंशांत बघितलं तर ते टॉपच्या आधी साधारण साडेनऊ-दहा अंश होतात. त्यावर वजनांनी आणखी चोवीसेक अंश घातले की पूर्ण अ‍ॅडव्हान्सला ठिणगी ३२ ते ३४ अंश आधी पडते. आता हे नीट बघा, गाडी रस्त्यावर चालते ती बहुतेक वेळ ह्या दुसऱ्या आकड्याच्या जवळपास, ०.८ वर ती फक्त किक मारताना आणि आयडलिंगला असते. पहिल्या आकड्यावर तुमच्या पायाची खैर अवलंबून आहे (ठिणगी फार आधी पडली तर किक पायावर उलटते) आणि दुसऱ्यावर पिस्टनची.

कंपनीचं अ‍ॅडव्हान्स युनिट असेल तर पहिला आकडा धरला की दुसरा आपोआप जागेवर येतो. बाहेरचं युनिट असेल तर ती खात्री संपली. डिस्ट्रिब्युटर (पॉइंट आणि ही वजनं ज्यात बसतात तो) क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून युनिटचा १२ अंशांचा हेलकावा क्रँकवर २४ होतो. समजा नवीन युनिटची वजनं थोडी जास्त उघडतायत, १२ च्या जागी १५, बघताना कळणारही नाही एवढा फरक, पण क्रँकवर ते ३० झाले आणि दहाच्या स्टॅटिकवर (वजनं मिटलेली असतानाच्या टायमिंगवर) एकूण ४०. अशी गाडी किकला चांगली लागते, आयडलिंग गोड असतं, मिस्त्री खूश, मालक खूश, आणि मग खंबाटकीच्या चढाला थ्रोटल उघडल्यावर आतून टकटक टकटक चालू होतं, म्हणजे नॉकिंग, मिश्रण आत भडकून पिस्टनवर आपटतं. उलटंही बघायला मिळतं, युनिट कमी उघडतं, मग गाडीला पिकअपच नाही आणि सायलेन्सरचा पाईप निळा पडतो, कारण जाळ उशिरा लागतो आणि एक्झॉस्ट उघडला तरी आत जळतंच असतं. तेव्हा "नवीन इंजिन आहे, टाइट आहे, गरम होणारच" असं समजावून मालकाला परत पाठवतात. नवीन इंजिन थोडं गरम होतं हे खरंच आहे, त्यामुळे हे कारण पटतं आणि तिथेच घोळ होतो.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या कॅमपासून. काउंटरवरचा संवाद साधारण असा होतो:

"साडेतीनशेचा कॅमचा जोड द्या."

"कंपनी का लोकल, दादा?"

"कंपनी आहे?"

"नाही. पण कंपनीसारखाच आहे."

घेतलेला जोड जुन्या जोडाशेजारी उजेडात धरून बघा. गिअरवर जो ठिपका असतो, जो पिनियनच्या ठिपक्याशी जुळवायचा, तो चांगल्या मालावर दातावर किंवा खाचेवर नेमका बसलेला असतो. हलक्या मालावर तो पंचने हाताने ठोकल्यासारखा, दात आणि खाच ह्यांच्या मधेच कुठेतरी असतो, आणि बांधणाऱ्याला प्रश्न पडतो की हा ह्या दाताचा का शेजारच्या. कॅमच्या गिअरला समजा ४० दात असले तर एक दात चुकला की क्रँकवर १८ अंशांचा फरक पडतो, एवढ्यात गाडी चालूही होते पण कायम आजारी राहते. पिनियनच्या चावीची खाच एखाद-दोन अंश इकडेतिकडे कापलेली असली तर ते दातावरून कळणारच नाही. म्हणून ठिपके जुळवून झाले तरी एक तपासणी करायचीच. आधी टॅपेट (व्हॉल्व्हचा खेळ) नीट करा, इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, पुशरॉड (कॅमपासून वर व्हॉल्व्हकडे जाणारी दांडी) बोटांनी गोल फिरला पाहिजे पण वरखाली खेळ नको. मग क्रँक एक पूर्ण फेरी फिरवून एक्झॉस्टच्या टॉपवर आणा. इथे एक्झॉस्ट मिटत आलेला असतो आणि इनलेट उघडायला लागलेला, दोन्ही थोडे थोडे उघडे. स्टँडर्ड कॅम असतील तर दोघांची उघडीक जवळपास सारखी दिसली पाहिजे, थोडा उन्नीस-बीस चालेल. एक भरपूर उघडा आणि दुसरा जवळजवळ बंद असेल तर दात चुकलाय, साईड कव्हर लावायच्या आधीच खोला, नंतर शिव्या द्यायला उशीर झालेला असतो.

हौसेने "स्पोर्ट कॅम" म्हणून विकतात ते टाकले असतील तर हा सारखेपणाचा नियम तितकासा लागू पडत नाही, कारण त्यांची उघड-मीट वेगळी असते. त्यांच्याबरोबर अंशांचा कागद मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर माझ्या मते घेऊच नका.

पिस्टन-बोअरचं थोडक्यात. बोअर ओव्हरसाईज झाला म्हणून टायमिंग बदलायचं असा एक समज आहे, तो खोटा. ७० चा बोअर अर्ध्या मिमीने वाढून ७०.५ झाला तर ३४६ चे ३५१ सीसी होतात, ह्याने ज्योतीला काही फरक पडत नाही. आणि ०.८ मिमीचा हिशेब स्ट्रोकवर चालतो, बोअरवर नाही, पाचशेच्या बुलेटचा स्ट्रोकही ९० च आहे. फरक पडतो तो पिस्टनच्या डोक्याच्या उंचीने आणि हेड किती घासलंय त्याने. बाहेरचा पिस्टन कधी वरून फुगीर असतो, त्यात लेथवाल्याने हेड प्लेन करताना चांगला हात मारलेला असतो, वर गॅसकेट पातळ, हे सगळं मिळून कॉम्प्रेशन वाढतं. कॉम्प्रेशन वाढलं की मिश्रण जास्त दाबलेलं, ज्योत भरभर पळते, मग ठिणगी तेवढी आधी नको. अशा इंजिनाला दोन-तीन अंश मागे ठेवणं शहाणपणाचं. जुना आणि नवा पिस्टन शेजारी ठेवून पिनच्या भोकापासून डोक्यापर्यंतची उंची कॅलिपरने मोजा, एक मिनिटाचं काम आहे आणि बांधायच्या आधीच उत्तर मिळतं.

आता टॉप शोधणं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळी गडबड इथेच होते. पिस्टन टॉपच्या जवळ आला की जवळजवळ थांबतो. बुलेटच्या स्ट्रोकला टॉपच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अंश फिरवलं तरी पिस्टन ०.०८ मिमीच हलतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्साही नाही. स्क्रू ड्रायव्हरवर बोट ठेवून हे कुणाला कळणार? वर बुलेटच्या हेडला प्लगचं भोक तिरकं, त्यातून घातलेली काडी पिस्टनवर सरळ उभी राहतच नाही, तिरकी घसरते, त्यामुळे काडीवर मोजलेले ०.८ हे पिस्टनचे ०.८ नसतात. आणि चूक महाग पडते. ०.४ मिमीला सात अंश, ०.८ ला साडेनऊ-दहा, १.२ ला बारा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आत दोन-तीन अंश कुठेही जातात, शिवाय टॉपच चुकीचा धरला असेल तर तो फरक वेगळा. कंपनीच्या पार्टांवर एवढी चूक इंजिन पोटात घेतं, पण इथे कॅम, युनिट, पिस्टन सगळ्यांच्याच थोड्या थोड्या चुका असतात आणि त्या एकाच बाजूला जमल्या की संपलं.

ह्याच्यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पिस्टन अडवून टॉप काढायचा. एक जुना प्लग घ्या, त्यातली चिनीमाती फोडून काढा, लेथवाल्याकडून आत आटे पाडून बोल्ट बसवून घ्या, टोक गोल घासून घ्या म्हणजे पिस्टनला ओरखडा पडणार नाही. डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर काढा (फूटरेस्टजवळचा एकच मोठा नट, आणि खाली ऑईलसाठी परात ठेवा), अल्टरनेटरच्या रोटरच्या नटाखाली ३६० अंशांची चकती लावा, कागदावर प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेलीही चालते, आणि एक तार वाकवून काटा करा. आता तो बोल्टवाला प्लग बसवून इंजिन हाताने अगदी हळू फिरवा, पिस्टन बोल्टला टेकला की चकतीवर आकडा टिपा. मग उलट्या दिशेने फिरवा, परत टेकेल, तोही आकडा टिपा. दोन्हींच्या बरोबर मधोमध खरा टॉप. बोल्ट तिरका आहे, लांबी किती आहे, पिस्टन फुगीर आहे का सपाट, कशानेही फरक पडत नाही, कारण दोन्ही बाजूंनी पिस्टन एकाच उंचीवर अडतो. चकती सरकवून तो मध्य शून्यावर आणा आणि बोल्ट काढून टाका. बोल्ट आत असताना चुकूनही किकला पाय लावू नका.

फोरस्ट्रोकला टॉप दोन येतात, एक कॉम्प्रेशनचा आणि एक एक्झॉस्टचा. आपल्याला कॉम्प्रेशनचा पाहिजे, जिथे दोन्ही पुशरॉड मोकळे फिरतात. बुलेटमध्ये पॉइंटचा कॅम निम्म्या वेगाने फिरतो, ठिणगी दोन फेऱ्यांत एकदाच पडते, त्यामुळे चुकीच्या टॉपवर बांधलं तर एक तर गाडी लागतच नाही नाहीतर कार्ब्युरेटरमधून फटाके फोडते.

मग पॉइंट. गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम उलटा करायचा नाही. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात म्हणजे टायमिंग पुढे जातं, कमी केला की मागे. कोणी टायमिंग धरून झाल्यावर "गॅप जरा जास्त वाटतोय" म्हणून पॉइंटला हात लावला तर टायमिंग परत पहिल्यापासून. पॉइंट पूर्ण उघडे असतील तिथे फिलर गेज (ठरलेल्या जाडीची पातळ पट्टी) घालून ०.३५-०.४० करा, गेज हलकासा घासत बाहेर आला पाहिजे. तेवढ्यात पॉइंटच्या कॅमला बोटांनी आडवं हलवून बघा. बुश झिजलेला असेल तर तो डुगडुगतो, आणि तसा असेल तर गॅप दर फेरीला वेगळा पडणार, टायमिंगही वेगळं, तिथे बुश बदलल्याशिवाय पुढचं सगळं काम फुकट आहे. अ‍ॅडव्हान्स युनिटही ह्याच वेळी बघून घ्या, कॅम बोटांनी पूर्ण पुढे वळवा आणि सोडा, तो टक्कन परत आला पाहिजे. सावकाश, कंटाळल्यासारखा परत येत असेल तर स्प्रिंगा ढिल्या आहेत किंवा वजनं अडकतायत. अशी गाडी टायमिंगच्या दिव्यावर (तो पुढे सांगतो) बरोबर दाखवते आणि किकला मात्र पायावर उलटते, कारण मागच्या वेळी उघडलेली वजनं पूर्ण मिटलेलीच नसतात. बुलेटची उलटी किक ज्याने खाल्लीय त्याला हे वेगळं सांगायला नको.

दिवा म्हणजे साधा १२ व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी, एक पॉइंटच्या टर्मिनलला आणि एक इंजिनाच्या अर्थला. इग्निशन चालू. पॉइंट मिटलेले असतील तर करंट पॉइंटमधून सरळ जातो आणि दिवा बंद, पॉइंट उघडले की कॉईलमधून आलेला करंट दिव्यातून जातो आणि दिवा लागतो. दिवा लागतो तो क्षण म्हणजे ठिणगीचा क्षण. दिवा नसेल तर हेडलाईटवरचा अँपिअर मीटरही हेच सांगतो, पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि उघडले की मधे येतो, कित्येक जुने मिस्त्री ह्याच काट्यावर टायमिंग बांधायचे. पण काट्याला जडपणा असतो, अंशभराच्या हिशेबाला दिवाच बरा. इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, कॉईल तापते.

प्लग काढलेला, गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवा. चकतीवर टॉपच्या आधी १० जवळ यायला लागलं की आणखी हळू, दिवा जिथे लागेल तो आकडा वाचा. पुढे गेलात तर तिथूनच मागे येऊन वाचू नका, चांगलं तीस-चाळीस अंश मागे जा आणि परत पुढच्याच दिशेने या, कारण गिअरांमध्ये खेळ असतो, बाहेरच्या गिअरांत तर जास्तच, आणि उलट्या दिशेने वाचलेला आकडा त्या खेळासकट येतो. आकडा जुळत नसेल तर पॉइंटची प्लेट सैल करून जरा फिरवा, कॅम फिरतो त्याच्या उलट दिशेला नेली की टायमिंग पुढे जातं. आवळल्यावर पुन्हा वाचा, आवळताना प्लेट थोडी सरकतेच. प्लेटच्या खाचा टोकाला गेल्या तरी आकडा येत नसेल तर प्लेटला कानस लावत बसू नका, डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या गिअरचा दात बसवताना चुकलाय, कव्हर खोलून तो दात बदला.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं ते. पॉइंटचा कॅम पूर्ण अ‍ॅडव्हान्सला वळवून तिथेच एखादी लाकडाची चपटी काडी खोचून अडकवा आणि परत चाक फिरवून दिवा कुठे लागतो ते वाचा. पहिलं वाचन १० आणि हे ३४ आलं तर युनिट २४ अंश देतंय, छान, विषय संपला. हे ४० आलं तर पूर्ण अ‍ॅडव्हान्स ३२-३४ वर येईपर्यंत प्लेट मागे घ्या आणि स्टॅटिक जिथे पडेल तिथे पडू द्या, चार अंश पडलं तर आयडलिंग थोडं मंद होईल, किक मात्र मऊ होईल, पण पिस्टन वाचेल. हे तात्पुरतं म्हणून. कायमचा इलाज म्हणजे वजनं जिथे अडतात तो थांबा लेथवाल्याकडून भरून घेणं किंवा जुनं कंपनीचं युनिट स्वच्छ करून नवीन स्प्रिंगांवर बसवणं, आणि माझं ऐकाल तर जुनं युनिट कितीही कळकट असलं तरी टाकून देऊ नका. युनिट कमी उघडत असेल, समजा एकूण २२ च येतायत, तर मात्र स्टॅटिक वाढवून भरपाई करायला जाऊ नका, वीस अंशांच्या स्टॅटिकवर किक मारणं म्हणजे पाय मोडून घ्यायचं काम आहे. तिथे युनिटच बदलायचं.

स्ट्रोब लाईट (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) असेल तर आणखी चांगलं. रोटरवर आणि केसवर पांढऱ्या रंगाने १० आणि ३४ च्या खुणा चकतीवरून उतरवून घ्या, गाडी चालू करून लाईट मारा, रेस वाढवत जा. खूण सरळ सरकत जाऊन एका जागी थांबली पाहिजे. ती नाचत असेल तर बुश, आयडलिंगलाच अर्ध्या वाटेवर गेलेली असेल तर स्प्रिंगा ढिल्या. प्रायमरी कव्हर उघडं आहे, चेन फिरतेय, बाही आणि बोटं लांब ठेवा.

रस्त्यावरची परीक्षा इंजिन थोडं रुळल्यावर घ्या, पहिल्याच दिवशी नको. जुना कात्रज घाट किंवा तुमच्या जवळचा कुठलाही बरा चढ, तिसरा गिअर, वेग कमी, थ्रोटल हळूहळू उघडा. ओझ्याखाली आतून धातूवर धातू आपटल्यासारखा बारीक टकटकाट आला तर एक-दोन अंश मागे घ्या. घरी येऊन प्लग काढून बघा, आतल्या पांढऱ्या चिनीमातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक चमकदार कण दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे, गाडी तशीच चालवू नका. टकटक नाही पण ओढही नाही आणि पाईप निळा होतोय, तर एक-दोन अंश पुढे. महाबळेश्वरासारख्या उंचीवर हवा विरळ असते, तिथे गाडी जास्त अ‍ॅडव्हान्स सहन करते, म्हणून वर धरलेलं टायमिंग खाली कोकणात उतरल्यावर टकटकू शकतं, परीक्षा जिथे गाडी जास्त चालते तिथेच घ्या. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून एक घोळ आणखी झालाय. इथेनॉलमुळे नॉकिंग सहन करायची ताकद वाढते हे खरं, पण मिश्रण पातळ पडतं आणि पातळ मिश्रणाने इंजिन तापतं, ते बघून लोक टायमिंग फिरवत बसतात. तिथे कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल मापून सोडणारं भोक) बघायचा असतो.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकणारे बरेच आहेत आणि चांगलं किट असेल तर त्याला माझी हरकत नाही, गॅप-कंडेन्सरची कटकट जाते (बाजारातल्या कंडेन्सरबद्दल तर न बोललेलंच बरं). फक्त एवढं बघा की त्या किटमध्ये स्वतःचा अ‍ॅडव्हान्स आहे का. काही किट नुसती पॉइंटच्या जागी पिकअप (सेन्सर) लावतात, त्यांना वजनं लागतात. काही किट आरपीएम वाचून स्वतःच ठिणगी पुढे नेतात, तिथे वजनं बांधून टाकायला लागतात, नाहीतर दोघं मिळून दुप्पट अ‍ॅडव्हान्स देतात आणि मोठ्या रेसला पिस्टनला भोक पडायची वेळ येते. विकणारा विचारल्याशिवाय हे सांगत नाही.

पॉइंटच ठेवले असतील तर नवीन पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला भरभर झिजते. टाच झिजली की गॅप मिटत जातो, गॅप मिटला की टायमिंग मागे पडत जातं, आणि हे इतकं हळू होतं की चालवणाऱ्याला कळतच नाही. म्हणून पहिल्या पाचशे किलोमीटरला गॅप आणि दिवा दोन्ही परत बघा, पॉइंटच्या कॅमला ग्रीस लावा पण अगदी पुसट, जास्त लावलं तर उडून पॉइंटच्या तोंडावर बसतं आणि मग गाडी मिसिंग मारते.